शुद्धीत असताना दिलेला शब्द



आज एका कागदाविषयी बोलायचं आहे. कागदाचं नाव काढलं की बैठकीतल्या निम्म्याजणी म्हणतात, "ते आमच्या मालकांना ठाऊक, आम्हाला त्यातलं काय कळतंय!" आज तसं म्हणू नका. या कागदाच्या बाबतीत पहिली चूक आमच्याकडूनच झाली होती. ती आधी सांगतो आणि मग तिच्यामागचा दीडशे वर्षांचा इतिहास सांगतो.

आमच्या भागातल्या एका बचतगटातल्या ताईंच्या सासूबाई. तरणेपणी नवरा गेला, पण त्यांनी शेत सोडलं नाही आणि मुलांना कुणाच्या दारात उभं केलं नाही. शेताचा एक तुकडा रस्त्यात गेला, त्याचे पैसे आले. ते त्यांनी आपल्या नावाने बँकेत ठेव म्हणून ठेवले. "माझ्या दुखण्याखुपण्याला कुणापुढं हात पसरायला नको," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. पुढे गुडघे धरले, बँकेची पायरी चढणं होईना. तेव्हा आम्हीच त्यांना सांगितलं, "आजी, सुनेच्या नावानं मुखत्यारपत्र करून ठेवा. उद्या अंथरूण धरलंत तर अडायला नको." आजी तालुक्याला गेल्या, स्टॅम्प पेपर घेतला, नोटरी केली, अंगठा दिला. सून बँकेत जायची, व्याज काढून आणायची, आजींच्या हातात द्यायची. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मग एका पहाटे आजींना लकवा झाला. वाचा गेली. डोळे उघडे, पण ओळख नाही. डॉक्टरांनी खर्चाचा आकडा सांगितला आणि ताई ते मुखत्यारपत्र घेऊन ठेव मोडायला बँकेत गेल्या. साहेबांनी विचारलं, "आजी शुद्धीवर आहेत ना? त्यांना कळतंय ना?" ताईंनी खरं ते सांगितलं. साहेब म्हणाले, "मग हा कागद आता चालायचा नाही."

आम्हाला राग आला. आम्ही चौघीजणी बँकेत जाऊन भांडलो. "अशा वेळेसाठीच तर हा कागद केला होता," असं म्हणालो. साहेबांनी शांतपणे कायद्याचं कलम सांगितलं. तिथून वकिलांकडे गेलो. तेही म्हणाले, "बँकेचं बरोबर आहे. तुम्ही दिलेला सल्ला चुकीचा होता."

ताईंनी गटातून कर्ज काढलं, नंतर कानातलं मोडलं. आजी आठ महिने अंथरुणावर होत्या. त्या गेल्यावर वारसदार म्हणून नाव लावलेल्या मुलाला ठेवीचे पैसे मिळाले. ज्या बाईने आपल्या दुखण्यासाठी पैसे ठेवले, तिच्या दुखण्याला ते लागले नाहीत. ते लागले तिच्या दिवसकार्याला.

तेव्हापासून आमच्या मनात एकच प्रश्न आहे. माणूस शुद्धीत असताना जो शब्द देऊन ठेवतो, तो शुद्ध हरपल्यावर का चालू नये? हा नियम कुणी केला, का केला, आणि तो कुठे बदलला? आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवत आहोत.

हात दुसऱ्याचा, डोकं आपलं

'मुखत्यार' हा शब्द अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्या मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ 'निवडलेला'. मी निवडलेला माणूस म्हणजे माझा मुखत्यार. आपल्या कचेऱ्यांत याच कागदाला वटमुखत्यारपत्र म्हणतात. सगळ्या कामांसाठी अधिकार दिला तर ते कुलमुखत्यारपत्र, एखाद्याच कामासाठी दिला तर खास मुखत्यारपत्र.

इंग्रजांच्या राज्यात १८७२ साली भारतीय करार कायदा झाला. आज दुकानदारापासून कारखानदारापर्यंत सगळ्यांचे व्यवहार ज्या कायद्यावर चालतात, तो हाच. त्यातलं २०१ वं कलम सांगतं की एकाने दुसऱ्याला आपल्या वतीने काम करायला नेमलं असेल, तर दोघांपैकी कुणी मेलं किंवा कुणाचं मन ठिकाणावर राहिलं नाही की ते नेमणं संपतं. बँकेतल्या साहेबांनी आम्हाला दाखवलं ते हेच कलम.

ऐकताना हा नियम दुष्ट वाटतो. आम्हालाही वाटला. पण त्यामागचा विचार समजून घेतला पाहिजे. मुखत्यार म्हणजे आपला लांब केलेला हात. हात दुसऱ्याचा असतो, पण डोकं आपलं असतं. सून बँकेतून पैसे आणते तेव्हा आजी विचारू शकतात, "किती काढलेस? कुठे ठेवलेस?" नाही पटलं तर कागद रद्द करू शकतात. आजींची शुद्ध गेली की विचारणारं कुणी उरत नाही. मग तो मोकळा हात काहीही करू शकतो. म्हणून कायद्याने ठरवलं, की डोकं थांबलं की हातही थांबवायचा.

हा नियम चोराला अडवतो. पण आमच्या ताईंसारख्या इमानी सुनेलाही तोच अडवतो. दोघींत फरक कसा करायचा, हे १८७२ च्या कायद्याला जमलं नाही. पुढचा सगळा इतिहास हा फरक करण्याच्या धडपडीचा आहे.

त्यानंतर दहा वर्षांनी, १८८२ साली, खास मुखत्यारपत्राचा कायदा आला. तो त्या वर्षीच्या १ मेपासून लागू झाला. अगदी लहान कायदा आहे, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कलमं. पण त्यातलं पाचवं कलम आपल्यासाठी आहे. लग्न झालेली सज्ञान बाई, जणू तिचं लग्नच झालेलं नाही अशा रीतीने, स्वतःचा मुखत्यार नेमू शकते, असं ते सांगतं. 'जणू लग्न झालेलं नाही' हे वेगळं लिहावं लागलं. का? कारण तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बाईची स्वतंत्र ओळख नवऱ्यात मिसळून जायची. आपला माणूस निवडण्याचा आपला हक्क १८८२ पासून कागदावर आहे, मैत्रिणींनो. आपण तो किती वापरला ते आपल्याला माहीत आहे.

विलायतेतली उधारी

आता थोडं विलायतेत जाऊ. आपले हे दोन्ही कायदे तिथल्याच विचारातून आले आणि आमच्या प्रश्नाला पहिलं उत्तरही तिथेच सापडलं.

१८७९ साली तिथल्या वरच्या कोर्टापुढे एक खटला आला. एका गृहस्थाने एका दुकानदाराला सांगून ठेवलं होतं की माझी बायको माझ्या वतीने माल नेईल, तिला देत जा. पुढे त्याच्या डोक्यावर परिणाम झाला आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. बायको माल नेतच राहिली. दुकानदाराला यातलं काही ठाऊक नव्हतं. नवरा बरा होऊन आला आणि म्हणाला, "मी शुद्धीत नव्हतो, मी पैसे देणार नाही." कोर्टाने ठरवलं की नवऱ्याचं मन गेलं तेव्हाच बायकोचा अधिकार संपला होता. पण दुकानदाराला ते कुणी कळवलं नव्हतं, म्हणून त्याचे पैसे नवऱ्यानेच द्यायचे.

दुकानदाराला न्याय मिळाला. पण नवरा वेडा झाल्यावर त्या बाईने घर कसं चालवायचं होतं? या प्रश्नाचं उत्तर त्या निकालात नाही, आणि पुढची शंभर वर्षं ते कुणी दिलं नाही. दरम्यान तिथे माणसं जास्त वर्षं जगू लागली. म्हातारपणी विसर पडणारे, माणसं न ओळखणारे आजी-आजोबा घरोघरी दिसू लागले. अशांच्या पैशाचा कारभार बघायचा तर घरच्यांना कोर्टात जावं लागे, आणि त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जाई.

१९८३ साली तिथल्या कायदा आयोगाने या अडचणीवर अहवाल दिला आणि १९८५ साली नवा कायदा झाला. त्याने पहिल्यांदा म्हटलं की ठरावीक नमुन्यात लिहून दिलेलं मुखत्यारपत्र, लिहून देणाऱ्याची शुद्ध गेल्यावरही टिकेल. मात्र तशी वेळ आली की ते सरकारदरबारी नोंदवायचं. हे फक्त पैसा आणि मालमत्तेपुरतं होतं. औषधोपचार कोणते करायचे, कुठे ठेवायचं, हे त्यात येत नव्हतं.

वीस वर्षांनी, २००५ साली, तिथे मानसिक क्षमतेचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २००७ पासून जुन्याच्या जागी नवं 'टिकाऊ मुखत्यारपत्र' आलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते आजही चालतं. त्याचे दोन प्रकार आहेत. एक पैसा आणि मालमत्तेचा, दुसरा तब्येत आणि देखभालीचा. तब्येतीचा अधिकार मुखत्याराला कधी वापरता येतो? माणसाला स्वतःला निर्णय घेता येत नाही तेव्हाच. तोवर तिचं तोंड, तिचाच निर्णय.

आणि मोकळ्या हाताचं काय? त्यावर त्यांनी पहारे बसवले. कागद वापरण्याआधी तो सरकारी कार्यालयात नोंदवावाच लागतो. शिवाय मुखत्यार नसलेल्या एका तिसऱ्या माणसाला लिहून द्यावं लागतं की या व्यक्तीला कागद समजला आहे आणि तिच्यावर कुणी दबाव आणलेला नाही. कागद करणारा शुद्धीत असेतोवर तो केव्हाही रद्द करू शकतो.

त्या कायद्यातलं एक तत्त्व आम्हाला फार आवडलं. एखाद्या माणसाचा निर्णय दुसऱ्यांना शहाणपणाचा वाटला नाही, एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं ठरवायचं नाही, असं त्यात लिहिलं आहे. आपल्याकडे म्हातारीने मुलीला दोन तोळे जास्त दिले की लगेच "आईचं डोकं फिरलंय" असं बोललं जातं. त्या घरांना हे तत्त्व वाचून दाखवावंसं वाटतं.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हा कायदा तिथला आहे. आपल्या तालुक्याला जाऊन असा कागद करता येत नाही. आपल्याकडे १८७२ चं कलम आजही तसंच आहे. मग आपल्याकडे काहीच घडलं नाही का? घडलं. पण ते पैशाच्या वाटेने आलं नाही. ते आलं मुंबईतल्या एका इस्पितळाच्या खाटेवरून.

वॉर्ड नंबर चार

अरुणा शानबाग हे नाव तुमच्यातल्या थोरल्या बायकांना आठवत असेल. कर्नाटकातल्या हळदीपूरची मुलगी. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात नर्स. वय पंचवीस. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूला रक्त पोहोचलं नाही. जीव वाचला, पण त्या रात्रीनंतर ती कधी बोलली नाही, कधी चालली नाही.

पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षं ती त्याच रुग्णालयात, वॉर्ड नंबर चारमध्ये होती. तिथल्या नर्सेसनी तिला सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली की पुढच्या पिढीने तिची खाट हाती घेतली. इतकी वर्षं पडून असलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात, हे अंथरुणावरचं माणूस सांभाळलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. अरुणाच्या अंगावर तशी जखम नव्हती, याची नोंद सर्वोच्च न्यायालयानेही घेतली.

पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं होतं. २००९ साली त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं होतं, हे जगणं नव्हे, तिला भरवणं थांबवा, तिला सुटू द्या. केईएमच्या नर्सेस आणि डॉक्टर म्हणाले, ती आमची आहे, आम्ही तिला सांभाळू.

इथे जरा थांबून विचार करा. दोन्ही बाजूंना माया होती. दोन्ही बाजू म्हणत होत्या की आम्ही अरुणासाठीच बोलतोय. पण अरुणाचा स्वतःचा शब्द कुठेच नव्हता. पंचविसाव्या वर्षी कोण असं काही लिहून ठेवतं? आणि लिहिलं असतं तरी तेव्हा आपल्या देशात त्या कागदाला कुणी विचारलं नसतं.

७ मार्च २०११ ला निकाल लागला. विराणी यांची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. ज्यांनी इतकी वर्षं तिचं सगळं केलं, तेच तिच्या वतीने बोलू शकतात, असं ठरलं. पण त्याच निकालात न्यायालयाने एक दार किलकिलं केलं. बरं होण्याची आशा नसलेल्या आणि बोलू न शकणाऱ्या रुग्णाचा, नुसता श्वास चालू ठेवणारा उपचार थांबवता येईल, मात्र प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची परवानगी लागेल, असं सांगितलं. अरुणा १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेली. तिचे अंत्यसंस्कार केईएमच्या माणसांनी केले.

शब्दाला मान

तीन वर्षांनी, ९ मार्च २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी आणखी मोठा निकाल दिला. ही याचिका २००५ सालची होती, म्हणजे तेरा वर्षं चालली. न्यायालय म्हणालं, सन्मानाने जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरण्याचा हक्कही येतो. प्रत्येक सज्ञान, शुद्धीतल्या माणसाला आधीच लिहून ठेवता येईल की मी बरी होण्याच्या पलीकडे गेले तर मला कोणते उपचार नकोत, आणि तेव्हा माझ्या वतीने कुणी बोलायचं. याला लिव्हिंग विल म्हणतात. आपण 'जिवंतपणीचं इच्छापत्र' म्हणू. नेहमीचं मृत्युपत्र मेल्यानंतर उघडतं. हे आपण जिवंत असताना, पण बोलू शकत नसताना उघडतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. हा कुणाला मारण्याचा परवाना नाही. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्या कायद्यात गुन्हाच आहे. इथे फक्त, ज्या उपचाराने माणूस बरा होणार नाही, नुसतं मरण लांबणार आहे, तो थांबवण्याचा किंवा सुरूच न करण्याचा प्रश्न आहे. वेदना कमी करणारी औषधं आणि सेवा थांबत नाही.

२०१८ च्या निकालात कागद करण्याची रीत फार अवघड होती. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सही लागे. त्यामुळे कागद फार कमी लोकांनी केले. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे हा कागद करता येतो. आपल्या वतीने बोलणारं एक नव्हे, जास्त माणसांची नावं घालता येतात. कागदाची एक प्रत त्या माणसांकडे द्यायची. एक प्रत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. वेळ आली तरी घरचे आणि एक डॉक्टर मिळून परस्पर काही ठरवू शकत नाहीत. रुग्णालयात तीन डॉक्टरांचं एक मंडळ, त्यावर आणखी तीन डॉक्टरांचं दुसरं मंडळ, आणि दोघांचं एकमत लागतं. आणि आपण शुद्धीत असेपर्यंत तो कागद लेखी कळवून केव्हाही बदलता येतो, रद्द करता येतो.

शेजारच्या गोव्यात २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं आणि तिथला तो पहिला नोंदलेला कागद ठरला. न्यायाधीश माणूस स्वतः करतो म्हणजे त्यात अभद्र काही नाही, एवढं तरी आपण घरी सांगू शकतो.

याच्याच जोडीला एक कायदा आहे, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक आजाराच्या उपचारांपुरता तो आहे. आपल्याला असा आजार झाला तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, हे आधी लिहून ठेवता येतं. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. त्या नेमणुकीला साधा कागद चालतो आणि सही येत नसेल तर अंगठाही चालतो, असं कायद्यातच लिहिलं आहे.

पैशाचं दार अजून बंद

म्हणजे उपचाराच्या बाबतीत आपल्या देशाने शुद्धीतल्या माणसाच्या शब्दाला मान दिला. पैशाच्या बाबतीत अजून दिलेला नाही. माणूस कोमात गेला तर त्याचे व्यवहार कुणी पाहायचे, याला आपल्याकडे सरळ कायदा नाही. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक बाई आली. नवरा कोमात, खाती त्याच्या नावाने. न्यायालयानेही म्हटलं की अशा माणसासाठी पालक नेमण्याचा कायदाच नाही, आणि मग आपला विशेष अधिकार वापरून त्या बाईला नवऱ्याची पालक नेमलं. तिला न्याय मिळाला. पण आमच्या गावातून उच्च न्यायालय किती लांब आहे, वकिलाची फी किती आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

आजींच्या प्रकरणानंतर आमच्या बैठकांत आम्ही आता काय सांगतो, ते ऐका.

पहिलं. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. पाय चालत नाहीत, पण डोकं ठिकाणावर आहे, तोवर ते उपयोगी आहे. शुद्ध गेली की संपलं.

दुसरं. खात्याला लावलेलं वारसदाराचं नाव फक्त मृत्यूनंतर कामाला येतं. आपल्या दुखण्यात त्याचा उपयोग नाही. आजींच्या बाबतीत आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं.

तिसरं. दुखण्यासाठी ठेवलेल्या पैशाचं खाते विश्वासाच्या माणसाबरोबर जोडीने उघडता येतं, 'दोघींपैकी कुणीही' व्यवहार करेल अशा सूचनेने. मात्र तसं केलं की ती दुसरी व्यक्ती आजही सगळे पैसे काढू शकते. म्हणून सगळी पुंजी त्यात घालू नका. ठेव मुदतीआधी मोडायची वेळ आली तर कुणाची सही लागेल, हे ठेव ठेवतानाच बँकेत विचारून घ्या.

चौथं. माणूस शुद्धीवर आहे, कळतंय, फक्त सही करता येत नाही, तर घाबरू नका. दोन साक्षीदारांसमोर, त्यात एक बँकेचा अधिकारी, हाताचा किंवा पायाचा अंगठा घेऊन पैसे देण्याची सोय रिझर्व्ह बँकेने घालून दिली आहे. बँकेच्या माणसाला घरी येण्याची विनंती करा.

पाचवं. उपचारांविषयीचं इच्छापत्र करायचं असेल तर आधी घरात बोला. मुलगा, मुलगी, सून, ज्यांची नावं घालणार त्यांना विचारा. आपल्या मनात काय आहे ते त्यांना तोंडाने सांगा. कागद नंतर.

आणि सहावं, सगळ्यात महत्त्वाचं. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. "ताई, इथं अंगठा दे, मुखत्यारपत्र आहे, फक्त तलाठ्याकडे जायला," असं म्हणून वर हक्कसोडपत्र निघाल्याच्या कहाण्या गटागटांत आहेत. कागद गटातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. विलायतेत तिसऱ्या माणसाची साक्ष लागते, कारण दबाव घरातूनच येतो हे त्यांनाही कळलं आहे. आपल्याकडे तसा नियम नसला तरी गटातल्या दोघीजणी सोबत नेण्यापासून आपल्याला कुणी अडवत नाही.

दीडशे वर्षांची ही गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल, यात आमच्या हातात काय? कायदा दिल्लीत होतो. खरं आहे. पण विलायतेत नियम बदलला तो घरोघरच्या अडचणी कुणीतरी गोळा करून पुढे ठेवल्या म्हणून. आमच्या ग्रामसंघात आता एक वही ठेवली आहे. शुद्ध गेल्यामुळे ज्यांचे स्वतःचे पैसे स्वतःच्या दुखण्याला लागले नाहीत, अशांची हकीकत त्या वहीत लिहितो. आजींची पहिली आहे. आणखी दोन आल्या आहेत. तुमच्या गावात तशी असेल तर लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीत आणा. पैशाच्या बाबतीतही शुद्धीतल्या माणसाच्या शब्दाला मान मिळावा, नोंदणी आणि पहाऱ्यासह मिळावा, अशी मागणी आपण करू तेव्हा या हकीकती पुढे ठेवू.

आणि आज रात्री जेवणं झाली की घरातल्या थोरल्या बाईजवळ बसा. तिला विचारा, "आई, तुमच्या मनात काय आहे?" तिचं बोलणं मध्ये न तोडता ऐका. आजींना आम्ही कागदाविषयी खूप सांगितलं. त्यांच्या मनात काय आहे, हे विचारायचं मात्र आमच्याकडून राहून गेलं.

पुन्हा भेटू. नमस्कार.